नणंदेची शिदोरी

मलकापूर
२८ मे १९६२

तीर्थरूप दादास,
कौशल्येचा नमस्कार.

घरात कोणी नाही तेवढ्यात हे लिहिते आहे. वाचून झालं की फाडून टाक. वहिनीलासुद्धा दाखवू नकोस.

माझी नणंद सोजरा नाहीशी झाली, तिच्यासाठी गावातल्या विहिरींत गळ टाकले, हे डोणगावपर्यंत पोचलं असेलच. दादा, ती नाहीशी झाली नाही. मी तिला गाडीत बसवून दिलं.

आखाजीच्या सणाला ती सासरहून, देऊळघाटहून माहेरी आली, तेव्हा तिचं मनगट सुजलेलं होतं. पडले म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती न्हात असताना मी तिची पाठ पाहिली. तिचा नवरा उत्तमराव बैलालाही इतकं मारत नसेल. मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मारते त मारते. मले का कमी मारलं? लेक दिली थे दिली. मेली तरी तिनं तिकडंच मेलं पाह्यजे."

मग यांना सांगितलं. हे वाईट नाहीत. दोन दिवस यांच्या घशाखाली घास उतरला नाही. पण आईसमोर उभं राहिलं की यांच्या तोंडाला कुलूप लागतं, आणि त्याची किल्ली आईच्याच कमरेला.

उत्तमराव गुरुवारी न्यायला येणार होता. बुधवारी मी म्हटलं, लेक सासरी जाते तर बांगड्या भरून आणते. सोजरा सातवी शिकलेली आहे. तिची शाळेतली मैत्रीण नागपुरात एका दवाखान्यात नर्सबाई आहे. ती तिला तिथं शिकायला ठेवून घ्यायला तयार होती. दुपारच्या पॅसेंजरनं ती गेली. मी घरी येऊन सांगितलं, मला कासाराकडं बसवून गेली ती परत आलीच नाही.

दोन दिवस विहिरी धुंडाळल्या. मी काठावर उभी होते. सासूबाई ऊर बडवत होत्या. मी मनात म्हणत होते, टाका, किती गळ टाकायचे ते टाका, ती विहिरीत नाही, गाडीत आहे. आणि त्याच वेळी सासूबाईंना धरून रडतही होते. ते रडणं खोटं नव्हतं, दादा. कसं ते मला सांगता येत नाही.

आता तिचं चार ओळींचं पत्र आलं आहे, "जिवंत आहे, शोधू नका." पत्ता नाही. तो फक्त मला ठाऊक.

हे ओझं एकटीला पेलवेना. आई गेल्यापासून मला तूच आई.

तुझी,
कौशल्या


डोणगाव
९ जून १९६२

चि. सौ. कौशल्येस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच चुलीत घातलं. निश्चिंत राहा. तू केलंस ते करायला वाघाचं काळीज लागतं. लहानपणी अंधारात माजघरात जायला घाबरणारी ती तूच का, असं वाटलं.

इकडे आमच्या नवप्रभात नाट्य मंडळाचं बरं चाललं नाही. शिमग्याला पौराणिक नाटक केलं. ऐन शापाच्या प्रसंगी ऋषींची दाढी सुटून हातात आली आणि पब्लिकनं अर्धा तास नाटक पुढं सरकू दिलं नाही. कडूबा शिंपी बायकांचं काम किती सुरेख करतो, पण त्याच्या तोंडी घालायला माझ्याकडं शब्द नाहीत. तेच ते "हे प्राणनाथ." त्यानंच मला म्हटलं, "मास्तर, अशी बाई मी कुठीच पाह्यली नाही." यंदा पौराणिक करायचं नाही असं ठरलं आहे.

ते असो. मन तुझ्यापाशीच आहे. मला सगळं सविस्तर कळव. स्टेशनवर सोजरा काय बोलली? तू काय बोललीस? तिच्याबरोबर काय दिलंस? घरी परतताना तुझ्या मनात काय होतं? सासूबाई रडताना नेमकं काय म्हणत होत्या? भावाला सांगितलंस की मन हलकं होईल.

तुझा,
दादा


मलकापूर
२ जुलै १९६२

तीर्थरूप दादास नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. रागावू नकोस, पण आजवर तुझ्या पत्रात मंडळाच्या तालमी आणि पडदेच असायचे. शेवटी एक ओळ, "तू कशी आहेस." यावेळी पहिल्यांदा तू मला विचारलंस. मी पुष्कळ रडले, आणि खरंच हलकं वाटलं.

विचारलंस म्हणून सांगते. बरोबर चार भाकरी आणि तिळाची चटणी दिली होती. भाकरी मी पहाटेच जास्तीच्या थापल्या. सासूबाईंनी विचारलं तर म्हटलं, गड्यांना. सोजरा निघाली अनवाणी. तिच्या चपला सासूबाईंनी कोठीत ठेवल्या होत्या, गुरुवारी घालून जाईल म्हणून. गाडी आली तेव्हा मी माझ्या चपला काढून तिला दिल्या. म्हटलं, नागपुरात अनवाणी उतरू नको, लोक कमी समजतील.

डब्यात चढल्यावर ती म्हणाली, "वैनी, मी गेल्यावर तुले मारतीन का हो?" मी म्हटलं, "मले कोन मारते? तू मागं पाहू नको." पण तिनं पाहिलंच.

मे महिन्याची फुफाट्यासारखी जमीन. मी भाजल्या पायांनी घरी आले. चपला गर्दीत गेल्या म्हणून सांगितलं. सासूबाई रडताना एकच म्हणत होत्या, "माह्या हातानं तिचे केस विंचरले व्हते सकाळी." त्या कठोर आहेत. पण हे वाक्य मला झोपेतही ऐकू येतं.

ती शिकते आहे. कामावर पांढरी साडी नेसते. आणखी काय विचारायचं ते विचार. मी लिहीन.

तुझी,
कौशल्या


डोणगाव
१८ ऑक्टोबर १९६२

चि. सौ. कौशल्येस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. शाळा आणि तालमी, दोन्हींत बुडालो आहे. नवं नाटक लिहून झालं. सामाजिक आहे. वीस वर्षं कागद खरडले, पण असं काही माझ्या हातून उतरलं नव्हतं. कडूबा तर तालमीत रडतो. तुला पुढं केव्हातरी वाचून दाखवीन.

यंदा भाऊबीजेला तू येण्याची दगदग करू नकोस. दिवाळीत इथंच प्रयोग आहे, घरभर पडदे आणि पेट्या, पाय ठेवायला जागा नाही. मीच सवडीनं येऊन ओवाळून घेईन.

तुझा,
दादा


मलकापूर
११ जानेवारी १९६३

तीर्थरूप दादास,

मोठा लबाड आहेस! आम्हाला कळवायचं नाही आणि मलकापूरच्या भिंतीभिंतींवर तुझं नाव? संरक्षण निधीच्या मदतीला २६ जानेवारीला डोणगावच्या नवप्रभात मंडळाचा प्रयोग, लेखक-दिग्दर्शक रंगराव मास्तर! यांनी दुकानातून हँडबिल आणलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. सासूबाई शेजारच्या तानुबाईंना सांगत होत्या, "आमच्या सुनेचा भाऊ हाय थो." सोजरा गेल्यापासून त्या पहिल्यांदाच कशाविषयी तरी अभिमानानं बोलल्या.

'नणंदेची शिदोरी' हे नाव वाचून मी क्षणभर चरकले. मग स्वतःलाच हसले. नणंद घरोघरी असते आणि शिदोरीही. चोराच्या मनात चांदणं!

आम्ही सगळे येणार. बायकांच्या बाजूला पुढच्याच रांगेत बसू. तू आणि कडूबा शिंपी दुसऱ्या दिवशी आमच्याकडं जेवायला. भाऊबीज तेव्हा होईल.

तुझी,
कौशल्या


डोणगाव
२४ जानेवारी १९६३

चि. सौ. कौशल्येस,

घाईत चार ओळी. प्रयोगाला येऊ नका. बायकांची बसायची सोय बरोबर नाही असं कळलं. नाटकही घरच्या माणसांनी पाहावं असं उतरलेलं नाही. तू तापाचं निमित्त सांग, म्हणजे सगळेच घरी राहतील. मी नंतर सर्व समजावून सांगीन.

दादा


मलकापूर
२० फेब्रुवारी १९६३

दादा,

तुझं चोवीस तारखेचं पत्र मला अठ्ठावीसला मिळालं. माझं पत्र पोचल्यावर इतके दिवस काय करत होतास? पत्र उशिरा टाकलंस की उशिरा पोचावं म्हणून टाकलंस, एवढंच सांग.

पडदा उघडला आणि कडूबा पहाटे भाकरी थापत होता. सासू विचारते, एवढ्या कोणासाठी? तो म्हणतो, गड्यांसाठी. तरी वाटलं, एखादी गोष्ट जुळते. मग स्टेजवरच्या सासूनं म्हटलं, "मेली तरी तिनं तिकडंच मेलं पाहिजे." माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाई स्वतःचंच वाक्य ऐकत होत्या. त्यांना ते अजून ओळखू आलं नव्हतं. त्यांनी मानसुद्धा हलवली, बरोबर आहे अशी.

मग तो नवरा आला. आईसमोर त-त-प-प करणारा. कडूबा म्हणाला, "यांच्या तोंडाला कुलूप, अन् किल्ली आईच्या कमरेला." सगळा मंडप हसला. पुरुषांच्या बाजूला हे बसले होते. हेही हसले, दादा. पहिल्यांदा हसले.

गाडीचा प्रसंग आला. कडूबानं पायातल्या चपला काढून दिल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईंनी टाळी वाजवली नाही. त्यांनी स्टेजवरची नजर काढली आणि खाली माझ्या पायांकडं पाहिलं. मग माझं मनगट धरलं. पुढचा सगळा वेळ त्यांनी ते सोडलं नाही. विहिरीचा प्रसंग आम्ही दोघींनी तसाच पाहिला. "माह्या हातानं तिचे केस विंचरले व्हते" हे ऐकून मंडपातल्या बायका हुंदके देत होत्या. सासूबाई दगडासारख्या बसून होत्या.

घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "माह्या घरात काय चालते, थे मले तुह्या भावाच्या नाटकातून समजावं?" त्यानंतर हे माझ्याशी कामाशिवाय बोलले नाहीत. माझ्या हातचं पाणीही घेत नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. मी त्यांना फसवलं होतं. कोणाला तरी वाचवायला फसवलं होतं. तू मला कशासाठी फसवलंस?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांच्या परवानगीशिवाय धर्मशाळेत गेले होते, जिथं मंडळ उतरलं होतं. मास्तर पहिल्या एस.टी.नंच गेले म्हणाले. मी माझ्या गावात असताना माझा भाऊ माझ्या दारावरून निघून गेला.

गावाचं नाव तू बदललंस. माणसांची नावं बदललीस. नागपूर तसंच ठेवलंस, दवाखानाही तसाच. देऊळघाटची चार माणसं प्रयोगाला होती. आठ दिवसांत उत्तमराव आमच्या दारात उभा राहिला.

तू पत्र चुलीत घातलं होतंस ना?

कौशल्या


डोणगाव
१ मार्च १९६३

चि. सौ. कौशल्येस,

काय तोंडानं लिहू? पत्र मी जाळलं नाही. चुलीपर्यंत नेलं होतं, हे मात्र खरं. पण तुझ्या ओळी अशा होत्या कौशे, की मी वीस वर्षं लिहितो आहे, मला तशी एक ओळ सुचली नाही. एकेक प्रसंग वहीत उतरवून घेतला. पहिल्यांदा वाटलं, फक्त स्वतःसाठी. मग तालीम सुरू झाली आणि मला थांबता आलं नाही. मलकापूरचं निमंत्रण मंडळानं घेतलं तेव्हा मी विरोध केला, पण कारण सांगता येईना.

पण एक बाजू तूही ऐक. मेहकरच्या प्रयोगानंतर एक म्हातारी, अन्नपूर्णाबाई नावाची, मला शोधत आली. म्हणाली, "मास्तर, माही लेक घरी येऊन बसली हाय. उद्या धाडनार व्हती. आता नाही धाडत." एक जीव वाचला असेल तर नाटकाचं सार्थक झालं, असं मला वाटतं. तुझंच पुण्य आहे ते.

नागपूर केवढं मोठं शहर. तिथं उत्तमरावाला कोण सापडणार, असा हिशेब केला. चुकला.

आता अमरावतीच्या स्पर्धेत नाटक घेतलं गेलं आहे. प्रयोग थांबवावा असं मलाही वाटतं, पण ते माझ्या एकट्याच्या हातात राहिलं नाही. मंडळातली बारा माणसं वर्षभर राबली आहेत.

उत्तमराव आल्यावर पुढं काय झालं? सोजरा कुठं आहे? तुझे यजमान पंजाबराव काय म्हणाले? सविस्तर कळव. जिवाला घोर लागला आहे.

तुझा अपराधी,
दादा


डोणगाव
१४ मार्च १९६३

कौशल्याबाईंले कडूबा शिंप्याचा रामराम.

मी तुम्हाले लिहावं असी माही पायरी नाही. पण लिहिल्याबिगर सुई हातात धरवत नाही.

त्या दिवसी मलकापुरात मी स्टेजवर व्हतो. बत्तीचा उजेड बायकांच्या पयल्या रांगेवर पडे. तिथी एक बाई बसली व्हती. माह्या तोंडातून बोल निघाच्या आधी तिचे ओठ हालत. मी "टाका, किती गळ टाकाचे थे टाका" म्हणाच्या आधी तिनं म्हटलं. नाटक त तिथी पयलेच डाव व्हतं, मंग इले पाठ कसं? पडदा पडल्यावर मी मास्तरले विचारलं, "थे बाई कोन?" मास्तर पेटी बांधत व्हते. त्यायनं वर पाह्यलं नाही. मंग मले समजलं.

बाई, मी बारा वर्सं बायकांचे काम करून राह्यलो. लुगडं कोनाचंही नेसतो, पन विचारून नेसतो. तुमचे बोल मी न विचारता नेसलो. मले मालूम नव्हतं, पन मालूम झाल्यावर पुन्हा नेसनं हे चोरी हाय.

मी मास्तरले सांगून देल्लं, अमरावतीले येत नाही. थे माह्या दुकानात येऊन बसले. हात जोडले, रागावले, मंडळ बुडते म्हणाले. मी म्हटलं, "बुडू द्या." आता थे दुसरा मानूस पाहून राह्यले. पन लुगडं नेसून चालनं महिनाभरात जमत नाही. यंदा नाटक होत नाही, एवढं समजा.

तुमच्या घरी माह्यामुळं जे झालं त्याची माफी असावी.

कडूबा


मलकापूर
१० एप्रिल १९६३

दादा,

कडूबा शिंप्याचं पत्र आलं. मी ते यांना वाचायला दिलं. ते वाचून झाल्यावर यांनी घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "हा मानूस खरा हाय." कामापुरतं बोलणं सोडलं, तर महिन्या-दोन महिन्यांतलं यांचं माझ्याशी ते पहिलं वाक्य.

तू विचारलंस पुढं काय झालं. एकदा सांगते.

उत्तमराव दारात उभा राहून ओरडला, की नागपूरचा एकेक दवाखाना पालथा घालतो आणि तिला केस धरून आणतो. सासूबाई म्हणाल्या, "आन." हे ओट्यावर बसून राहिले. मला वाटलं, नेहमीसारखंच. दुपारी सरकी पाहायला अकोल्याला जातो म्हणून निघाले. तीन दिवसांनी आले. सासूबाई देवळात गेल्यावर माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "सोजीले हलवलं." नाटकातल्या दवाखान्यावरून यांना सोजराची नर्स मैत्रीण आठवली होती. तिथून हलवून कुठं ठेवलं ते सांगितलं. उत्तमराव त्या दवाखान्यात पोचला तो एक दिवस उशिरा.

ज्या माणसावर तू भरल्या मंडपाला हसवलंस, तो माणूस हा. ते कुलूप-किल्लीचं मीच लिहिलं होतं, त्याचा दोष तुझ्या एकट्यावर टाकत नाही. पण मी ते माझ्या भावाला लिहिलं होतं. रागाच्या भरात बहीण भावाला काहीबाही बोलते. ते चारशे माणसांत बोलत नाही.

सोजरा सुखरूप आहे. पण नर्सबाईचं शिक्षण सुटलं. नऊ महिने झाले होते. आता एका घरी स्वयंपाक करते. पांढऱ्या साड्या तिनं मैत्रिणीपाशी ठेवून दिल्या. मेहकरच्या म्हातारीची लेक वाचली, हे ऐकून मला खरंच बरं वाटलं. पण एकीला वाचवायला दुसरी द्यायची, तर तिला आधी विचारावं लागतं. सोजराला तू विचारलं नाहीस. मलाही नाही.

सासूबाईंनी अजून मला क्षमा केली नाही. करतील असं वाटतही नाही. त्या दोन दिवसांत मी काठावर उभी राहून त्यांना रडू दिलं, हे त्यांनी स्टेजवर पाहिलं. मी सांगितलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं. सांगायचं माझ्याच मनात होतं, योग्य वेळ पाहून. ते तू माझ्याकडून काढून घेतलंस.

यांनी मला एकच अट घातली, "आता कोनाले काही लिहू नको." मी म्हटलं, बरं. पण यांनी अट घातली नसती तरी मी लिहिलं नसतं. जूनमध्ये तू मला विचारलंस, स्टेशनवर ती काय बोलली, आणि मी आनंदानं रडले होते. ते आठवलं की मला तुझ्यापेक्षा माझीच लाज वाटते.

हे माझं तुला शेवटचं बंद पाकीट. यापुढं कार्ड लिहीन. पोस्टमनपासून कोणीही वाचावं असं.

कौशल्या


डोणगाव
६ जुलै १९६३

चि. सौ. कौशल्येस,

मंडळ मी सोडलं. नाटकाची वही आणि तुझी सगळी पत्रं परवा वहिनीसमोर जाळली. यावेळी खरोखर जाळली. तुझा विश्वास बसणार नाही, बसावा अशी अपेक्षाही नाही.

पण कौशे, राखराख झाल्यावर कळलं की तुझ्या हातचं माझ्याजवळ आता काहीच उरलं नाही. पूर्वीसारखं एकदा लिही. काहीही लिही. सोजराचं नको, घरचं नको, तुझं स्वतःचं लिही. कशी आहेस? मी कोणाला सांगणार नाही.

तुझा,
दादा


मलकापूर
१९ जुलै १९६३

तीर्थरूप रंगराव मास्तर यांस सौ. कौशल्येचा साष्टांग नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. इकडे सर्व कुशल आहे. पाऊस बरा आहे. पेरणी झाली. सासूबाईंचे गुडघे दुखतात. घरच्यांची प्रकृती ठीक. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

सौ. कौशल्या